नवा मजला चढवण्याआधी: नागपुरातल्या एका ‘स्पेस ऑडिट’ सेवेचं परीक्षण

“वर्ग कमी पडतात” ही तक्रार नागपुरातल्या कॉलेजांत प्रवेश आटोपले की सुरू होते आणि दिवाळीच्या सुट्ट्यांपर्यंत आपोआप विरून जाते. मधल्या काळात व्यवस्थापनाच्या बैठकीत नव्या मजल्याचा ठराव मात्र होऊन बसतो. खोल्या खरंच कमी आहेत, की मंगळवारी अकरा वाजता त्या सगळ्यांना एकदम हव्या असतात, हे कोणी मोजलेलं नसतं. हे मोजून देण्याचं काम शहरातलं एक वास्तुरचना कार्यालय करतं. विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांसाठी प्रत्यक्षात किती चौरस मीटर लागतील, याचा लेखी हिशेब ते कॉलेजला किंवा विद्यापीठाच्या विभागाला देतं. कार्यालयाचं नाव इथे दिलेलं नाही, कारण पुढचे गुणदोष अशी सेवा देणाऱ्या कोणालाही लावून पाहण्यासारखे आहेत.

मत आधीच सांगून टाकतो. वर्गखोल्यांच्या हिशेबासाठी ही सेवा उत्तम आहे, प्रयोगशाळांसाठी बरी आहे, प्राध्यापकांच्या जागेबाबत कच्ची आहे, आणि नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार तिच्यात जवळजवळ नाहीच. तरीही घ्यावी, पण कार्यादेशात काही अटी घालून.

कामाचे टप्पे तीन: खोल्यांची यादी, वापराची मोजणी आणि मागणीचा हिशेब.

यादी करायला दोन माणसं लेझर मीटर घेऊन येतात आणि प्रत्येक खोली आतून, भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजतात. मंजूर नकाशावरचे आकडे उतरवून घेत नाहीत, ही चांगली सवय आहे. नकाशात ६६ चौरस मीटर लिहिलेला वर्ग आतून ६० भरतो असं जुन्या इमारतींत सर्रास दिसतं. कुठे मधे पिलर आलेला असतो, कुठे मागचा भाग भिंत घालून स्टोअर केलेला असतो. प्रत्येक खोलीला वापराचा एकच सांकेतिक क्रमांक मिळतो. ही पद्धत अमेरिकी विद्यापीठांच्या खोली-वर्गीकरणातून घेतली आहे: १०० च्या मालिकेत वर्ग, २०० मध्ये प्रयोगशाळा, ३०० मध्ये कार्यालयं, ४०० मध्ये अभ्यासिका आणि ग्रंथालय. याचा उपयोग लगेच कळतो. एकच खोली नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फाइलमध्ये वर्ग, एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद) पोर्टलवर ट्युटोरियल रूम आणि प्रत्यक्षात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांचं गोदाम, अशी तीन रूपं घेऊन वावरत असते. यादी झाली की तिचं खरं रूप समोर येतं, आणि पुष्कळदा दोन-तीन वर्ग तिथेच सापडतात.

दुसरा टप्पा या सेवेचा कणा आहे. सोमवार ते शनिवार पूर्ण आठवडा, प्रत्येक तासाच्या पंधराव्या ते विसाव्या मिनिटात नोंदणारा माणूस प्रत्येक खोलीच्या दारातून जातो आणि डोकी मोजतो. हजेरीपट बघत नाही, वेळापत्रकही बघत नाही. यातून दोन आकडे निघतात: उपलब्ध तासांपैकी खोली किती तास वापरात होती, आणि वापरात असताना किती जागा भरलेल्या होत्या. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत हेच दोन आकडे एकमेकांनी गुणून वापर काढतात. खोली ६० टक्के वेळ वापरात आणि तेव्हा ५० टक्के भरलेली, तर वापर ३० टक्के. गुणाकाराचा हा आकडा पहिल्यांदा बघणाऱ्या प्राचार्यांना खोटा वाटतो. खोटा नसतो. फक्त त्याच्यावरून घाईने निष्कर्ष काढायचे नसतात. १०० टक्के वापर कुठल्याच कॉलेजात होत नाही आणि व्हायलाही नको.

अहवालात या मोजणीचा वार-तास असा रंगीत तक्ता मिळतो. पूर्ण अहवालातली सर्वांत मोलाची वस्तू हीच. साडेदहा ते दीड लालभडक, तीननंतर पांढरं, शनिवारी दुपारी कोरं. याची कारणं इथलीच आहेत. काटोल, उमरेड, कामठी, बुटीबोरीकडून येणारे विद्यार्थी एसटीच्या आणि ऑटोच्या वेळा सांभाळून असतात, म्हणून चारचा तास रिकामा जातो. तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन मिळणारे प्राध्यापक अनेकदा दोन कॉलेजांत शिकवतात, म्हणून त्यांचे तास त्यांना जमेल तिथे कोंबले जातात. इमारत वाढवून यातलं काहीच बदलत नाही. अकराचे चार तास सकाळी आठला किंवा दुपारी दोनला हलवले, तर मात्र बदलतं. अहवाल हे स्पष्ट शब्दांत सांगतो, त्याबद्दल त्याला पूर्ण गुण.

तिसऱ्या टप्प्यातला हिशेब उदाहरणाने समजून घेतलेला बरा, कारण घोळ इथेच होतो. समजा १,८०० विद्यार्थी, प्रत्येकाचे आठवड्याला वर्गातले १८ तास. म्हणजे ३२,४०० आसन-तास (एका जागेवर एक विद्यार्थी एक तास बसला की एक आसन-तास). कॉलेज आठवड्याला ४८ तास उघडं, त्यातले ६५ टक्के तास खोली वापरात राहील असं धरलं तर एका खोलीचे ३१.२ तास मिळतात. आता सगळ्या तुकड्या साठच्या आणि सगळ्या खोल्या साठ आसनांच्या असतील तर एक खोली ३१.२ × ६० = १,८७२ आसन-तास देते. ३२,४०० ला १,८७२ ने भागा: १८ खोल्या. “प्रत्येक तुकडीला एक वर्ग” या नेहमीच्या रीतीने मात्र ३० खोल्या मागितल्या जातात.

पण साठच्या तुकड्या आता राहिल्यात कुठे? नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत लागू झालं, आणि मायनर (दुय्यम विषय), खुले ऐच्छिक विषय, कौशल्याचे विषय यांनी तुकड्या फुटल्या. कुठे २२ जणांचा गट, कुठे ९० जणांचा. साठच्या खोलीत सरासरी ३९ जण बसतात असं धरलं, म्हणजे ६५ टक्के भरणा, तर खोली १,२१७ आसन-तासच देते आणि उत्तर २७ येतं. विद्यार्थी तेच, तास तेच. १८ आणि २७ यांतला फरक फक्त गटांच्या आकाराचा. नऊ वर्ग, प्रत्येकी ६६ प्रमाणे ५९४ चौरस मीटर कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्र. कार्पेट हे बांधीव क्षेत्राच्या साधारण ६० ते ६५ टक्के भरतं, म्हणजे बांधकाम सुमारे साडेनऊशे चौरस मीटरचं. निर्णय एवढ्या बांधकामाचा आहे.

इथे ही सेवा खरंच चांगलं काम करते. ती “इतक्या खोल्या” म्हणून थांबत नाही, गटांच्या आकाराची वारंवारिता मांडते आणि ३०, ६०, १२० आसनांच्या किती खोल्या हव्यात ते वेगवेगळं देते. तीसच्या खोल्यांची टंचाई आणि साठच्यांची चंगळ, असं चित्र बहुधा निघतं. उपाय म्हणून ६६ चौरस मीटरचा एक वर्ग आडवा दुभागून ३३-३३ चे दोन करायला सुचवलं जातं. ३३ हेच एआयसीटीईच्या मानकात ट्युटोरियल रूमचं माप आहे, म्हणून कागदावरही ते बसतं. मात्र पार्टिशनच्या तपशिलात अहवाल गप्प आहे, आणि तिथेच पैसे वाया जातात. पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंत न थांबवता थेट स्लॅबला भिडवावी लागते, नाहीतर वरच्या पोकळीतून एका वर्गाचा आवाज दुसऱ्यात उतरतो. दोन्ही अर्ध्यांना स्वतंत्र दार हवं. आणि दोन्हींना बाहेरची एक खिडकी आणि व्हरांड्याकडचा एक झरोका हवाच, नाहीतर कूलर लावून उपयोग नाही. हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर कूलर खोलीत नुसता दमटपणा भरतो.

वर्गासाठीच्या ६६ चौरस मीटरच्या मानकाबद्दल एक सांगायला हवं. साठ जणांना ६६ चौरस मीटर हे माप हवेतून आलेलं नाही. ११ बाय ६ मीटरची खोली घ्या. दोघांचा १.२ मीटरचा बाक, असे तीन रांगेत, मधल्या दोन वाटा आणि भिंतीकडच्या दोन मोकळ्या पट्ट्या ६०-६० सेंटीमीटरच्या: झाले ६ मीटर. समोर फळ्यासाठी २.४ मीटर सोडा, उरलेल्या ८.६ मीटरमध्ये ८५ सेंटीमीटर अंतराने दहा रांगा बसतात. तीस बाक, साठ जण. चाकाच्या खुर्च्या किंवा गटकामाची टेबलं आणली की याच खोलीत साठ जण मावत नाहीत. माणशी दीड ते दोन चौरस मीटर तरी धरावे लागतात. “आधुनिक वर्ग” करायचा प्रस्ताव आला की आसनसंख्या किती घटेल, ते आधी विचारा. या सेवेने ते स्वतःहून सांगितलेलं नाही.

प्रयोगशाळांसाठी वापराचं लक्ष्य ५० टक्के धरलंय, ते योग्य आहे. मांडणी, आवरासावर आणि उपकरणांची देखभाल यांना वेळ लागतो, आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा रिकामी असली तरी इलेक्ट्रॉनिक्सला देता येत नाही. वीसच्या बॅचने साठच्या तुकडीचे प्रयोग तीनदा होतात, हेही नीट धरलंय. राहून गेलंय ते मागचं: तयारीची खोली, रसायनांचा साठा, बंद पडलेल्या पण निर्लेखित न झालेल्या, म्हणजे नोंदवहीतून अजून न काढलेल्या यंत्रांची जागा. निर्लेखनाची प्रक्रिया वर्षानुवर्षं रखडते आणि तोवर ती यंत्रं प्रयोगशाळेचा एक कोपरा अडवून बसतात. तेवढं क्षेत्र वेगळं दाखवलं असतं तर कॉलेजला बांधकामाऐवजी भंगाराची फाइल पुढे सरकवता आली असती.

प्राध्यापकांच्या जागेचा हिशेब या सेवेतला सर्वांत दुबळा भाग. मंजूर पदं मोजली, प्रत्येकी ५ चौरस मीटर, विभागप्रमुखाला २०, प्राचार्यांना ३०, संपला विषय. हे आकडे एआयसीटीईच्या हँडबुकातून घेतलेत आणि ते चुकीचे नाहीत. पाच चौरस मीटरमध्ये १.२ मीटरचं टेबल, खुर्ची, एक कपाट आणि समोर एक स्टूल मावतं. पण मंजूर पदांच्या यादीत तासिका तत्त्वावरची माणसं नाहीत, पीएचडीचे संशोधक नाहीत, प्रयोगशाळा परिचर नाहीत. शिकवणाऱ्यांतला मोठा हिस्सा तासिका तत्त्वावर असलेल्या कॉलेजात ही चूक छोटी नाही. त्यांना बसायला जागा नसते, म्हणून दोन तासांच्या मधला वेळ ते रिकाम्या वर्गात काढतात, आणि तो वर्ग मोजणीत “वापरात” दिसतो. पूर्णवेळ प्राध्यापकांना कायमची जागा, तासिकावाल्यांना चार जणांमागे दोन सामायिक टेबलं आणि प्रत्येकाला कुलपाचा एक कप्पा, शिवाय बारा-पंधरा शिक्षकांमागे विद्यार्थ्यांशी बोलायला ९-१० चौरस मीटरची एक बंद खोली, एवढं धरलं तर स्टाफरूमची तक्रार निम्म्याने कमी होते. शिक्षकांची मोजणी पदांवरून नको, आठवड्यात सर्वाधिक गर्दीच्या तासाला एकाच वेळी आवारात किती जण असतात त्यावरून हवी.

परीक्षांकडे येऊ. नागपूर विद्यापीठाच्या हिवाळी आणि उन्हाळी परीक्षांचं केंद्र असलेल्या कॉलेजात खोल्यांची कमाल गरज शिकवण्याच्या दिवसांत नव्हे, परीक्षेच्या दिवसांत असते. बाकावर एकच परीक्षार्थी बसतो, म्हणजे साठचा वर्ग तिसाचा होतो. एका सत्राला ४५० परीक्षार्थी असतील तर १५ वर्ग गेले. शिवाय एक खोली नियंत्रण कक्षाला, एक गठ्ठे बांधायला. वरचा १८ खोल्यांचा आकडा अशा कॉलेजात लावला तर त्या काळात शिकवायला एकच खोली उरते. अहवालात परीक्षेचं पानच नाही. हे हिशेबाचं स्वतंत्र पत्रक म्हणून मागून घ्यायला हवं, आणि उत्तर “जास्त वर्ग” असंच येईल असं नाही. एक २०० चौरस मीटरचा बहुउद्देशीय हॉल, सुट्या टेबलांसह, परीक्षेला शंभरेक जणांना पुरतो आणि एरवी कार्यक्रमांना लागतो.

आणि ऊन. मोजणी ऑगस्टमध्ये होते. तेव्हा वरच्या मजल्याची पश्चिमेकडची खोली आणि तळमजल्याची उत्तरेकडची खोली सारखीच चालते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी दोनला स्लॅबखालच्या त्या खोलीत कोणी बसत नाही. वेळापत्रक काहीही म्हणो, वर्ग खाली सरकतो. म्हणजे नागपुरात खोल्यांची संख्या ऋतूप्रमाणे बदलते, आणि ऑगस्टच्या मोजणीवरून केलेला हिशेब वर्षातले दोन-अडीच महिने खोटा ठरतो. उपाय साधा आहे: एप्रिलमध्ये तीन दिवस, दुपारी एक ते चार, फक्त वरचा मजला आणि पश्चिमेच्या खोल्या पुन्हा मोजायच्या. डोकी मोजा आणि सोबत बसलेल्या माणसाच्या उंचीवर, कूलरच्या झोताबाहेर, तापमानही. ज्या खोल्या गळतील त्यांच्यावर आधी छताचं काम करायचं: जुन्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग तपासून उष्णतारोधक थर, वरून पांढऱ्या टाइलचे तुकडे किंवा परावर्तक रंग. तीन-चार खोल्या अशा सुधारून परत मिळाल्या, तर तेवढ्याच नव्या बांधण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. शिवाय नवा मजला चढवला की उन्हात तापणारी स्लॅब फक्त एक मजला वर जाते.

याच संदर्भात अहवालातली एक शिफारस आम्हांला मुळीच पटत नाही. पश्चिमेच्या उघड्या व्हरांड्याला तो “अनुत्पादक क्षेत्र” म्हणतो आणि बंदिस्त करून खोल्यांत घ्यायला सुचवतो. तो व्हरांडा आहे म्हणूनच आतले वर्ग दुपारी टिकतात. तो भिंतीवर ऊन पडू देत नाही, आणि व्हरांड्याकडच्या खिडकीतून कूलरची हवा बाहेर पडते. तो बुजवला तर चार खोल्या मिळतील आणि आठ बिघडतील.

जिन्यांचा उल्लेख हिशेबात हवा होता. एकेका मजल्यावरचा वापर वाढवला की तास बदलताना गर्दीही वाढते. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ शैक्षणिक इमारतीत माणशी ४ चौरस मीटर धरते, आणि जिन्याला माणशी १० मिलिमीटर रुंदी. दहा वर्गांचा मजला साधारण १,०६५ चौरस मीटर बांधीव, म्हणजे त्या हिशेबाने २६६ माणसं. प्रत्यक्षात दहाही वर्ग भरले तर ६००. सुरक्षिततेसाठी मोठा आकडा धरायचा: ६ मीटर जिना, म्हणजे दीड मीटरचे चार. बहुतेक जुन्या इमारतींत दोनच असतात. वर्ग पूर्ण भरायची शिफारस करणाऱ्याने हे आधी तपासलंच पाहिजे, आणि जिने पुरत नसतील तर सगळे तास एकाच ठोक्याला न सुटता मजल्यांनुसार दहा मिनिटांच्या फरकाने सुटतील अशी सोय सांगितली पाहिजे.

स्वच्छतागृहांचंही तेच. मुलींमागे २५ ला एक शौचकूप, मुलांमागे ४० ला एक आणि २० ला एक मुतारी, हे संहितेचं प्रमाण. मुलींची संख्या ९०० असेल तर ३६ हवीत. किती चालू आहेत ते मोजताना कुलूप लावलेली धरू नका.

मोठ्या परिसरांसाठी, म्हणजे अमरावती रोडवरचे विद्यापीठाचे पदव्युत्तर विभाग किंवा व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेसारखा २१४ एकरांचा परिसर, खोल्या सर्व विभागांनी मिळून वापरायची कल्पना अहवालात चांगली मांडली आहे. फक्त चालायचं अंतर त्यात धरलेलं नाही. दोन तासांमध्ये दहा मिनिटं असतील तर मे महिन्याच्या उन्हात पाच-सहाशे मीटरच्या पलीकडची खोली “उपलब्ध” समजू नये. सीताबर्डी, महाल भागातल्या, एका प्लॉटवर उभ्या कॉलेजांना हा प्रश्न नाही. त्यांना हीच पद्धत जास्त फळते.

शुल्काची रीत आवडली. ते मोजलेल्या कार्पेट क्षेत्रावर ठरतं, पुढे होणाऱ्या बांधकामाच्या खर्चावर नाही. खर्चाच्या टक्केवारीवर मानधन घेणाऱ्याकडून “बांधू नका” असा सल्ला निघणं अवघड असतं. म्हणून कार्यादेशात एक ओळ जरूर घालावी: हे काम करणारं कार्यालय पुढची तीन वर्षं याच आवारातल्या नव्या इमारतीचं काम घेणार नाही. हे कार्यालय ती अट मान्य करतं.

बाकीच्या अटी: मोजणीचा आठवडा लेखी ठरवा आणि त्यात पोळा, तान्हा पोळा-मारबत, गणपती किंवा युवा महोत्सव येणार नाही हे बघा, नाहीतर रिकाम्या वर्गांचा आकडा फुगतो. एप्रिलची मोजणी आणि परीक्षेचं पत्रक याच शुल्कात मागा. शेवटचा २० टक्के हप्ता ती दोन्ही मिळाल्यावरच द्या. काळ्या मातीच्या भागात नवा मजला सुचवला असेल तर पाया आणि संरचनात्मक तपासणीचा अहवाल जोडल्याशिवाय ती शिफारस ग्राह्य धरू नका. आणि हिशेब पीडीएफमध्ये नव्हे, सूत्रं उघडी असलेल्या एक्सेल फाइलमध्ये घ्या. सध्या मिळते ती फाइल कुलूपबंद आहे, ६५ टक्क्यांचा आकडा बदलून बघता येत नाही. पुढच्या जुलैत प्रवेशसंख्या बदलली की पुन्हा पैसे भरून त्यांनाच बोलवावं लागतं.

पाचशेहून कमी विद्यार्थी आणि दहा-बारा खोल्या असलेल्या कॉलेजाने मात्र ही सेवा घेऊ नये. एक टेप, दोन कर्मचारी, एक आठवडा आणि वरचा भागाकार एवढ्यात त्यांचं काम होतं.